मिरवासिल-आकांची पाण्यातली बाग

मिरवासिल-आकांना पोहता येत नव्हतं, मासे त्यांना आवडत नव्हते, आणि घरच्या बागेत त्यांनी उभ्या जन्मात एक रोप लावलं नव्हतं. असा माणूस पाण्यात बाग लावायला निघाला तेव्हा मी त्यांच्या तोंडावर हसले. आका म्हणजे थोरला भाऊ, तेवढा हक्क मला होता. जुन्या गल्लीत त्यांच्या आणि आमच्या अंगणात एकच मातीची भिंत होती. रस्ता रुंद करायला गल्ली पाडली आणि आम्हाला चिलांझार भागातल्या नव्या इमारतीत घरं मिळाली, तेव्हा ते चौथ्या मजल्यावर गेले आणि मी बरोबर त्यांच्या पायाखाली, तिसऱ्यावर. पूर्वी त्यांच्या कोंबड्या माझ्याकडे यायच्या, आता त्यांचं पाणी माझ्या छतातून यायला लागलं.

आका न्हावी होते. कालव्याच्या वळणावर, तुतीच्या झाडाखाली त्यांचं एका खुर्चीचं दुकान होतं. दुकानात बाकाच्या समोर माशांची एक पेटी असे, लोखंडी चौकटीची, वजनाला चार माणसं लागावीत अशी. तळाला लाल-निळे खडे, मध्ये प्लास्टिकचा किल्ला, आणि किल्ल्याभोवती गप्पी मासे आणि शेपटीला तलवार असलेले थोडे तांबडे. त्यात हिरवं असं काही नव्हतं. आका म्हणायचे, "मासे बघणारा माणूस गप्प बसतो. आणि गप्प बसलेल्या माणसाची दाढी बरी होते." गल्लीतल्या नवरदेवांच्या हजामती तिथे झाल्या, मुलांची पहिली जावळं तिथे निघाली. माझा नवरा लग्नाआधी त्याच बाकावर बसून मला चोरून बघायचा. म्हणायला मासे बघत असायचा! ते दिवस आठवले की अजून माझ्या हातातली सुई थांबते.

बाग होती ती आकांच्या बायकोची, सलामत-ओपाची. ओपा म्हणजे थोरली बहीण. काय बाग होती ती! जर्दाळू, डाळिंब, द्राक्षाचा मांडव, आणि मांडवाखाली चालायला जागा नाही इतकी फुलं. ओपाची जीभ तिखट आणि हात गोड. काठी रोवली तरी तिला पालवी फुटायची. गल्ली पाडली त्या दिवशी ती मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, आणि आकांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. चौथ्या मजल्यावर आली ती गादीवर भिंतीकडे तोंड करून निजली. सून-मुलगा समरकंदला, घरात दोघंच. आका सकाळी चहा करून तिच्या उशाशी ठेवायचे, कामाला जायचे, संध्याकाळी येऊन तोच गार चहा ओतून नवा करायचे.

मी तिला ओरडून पाहिलं. "ओपा, ऊठ, खाली चल. बायका बाकावर बसल्यात, सगळ्या आपल्याच आहेत."

"खाली कशाला जाऊ?" भिंतीकडे बघतच ती म्हणाली. "खाली माझं काय आहे?"

त्या दिवशी आका मला जिन्यात भेटले. एरवी माणूस हसरा, पण तेव्हा कठडा धरून उभे राहिले. म्हणाले, "सिंगलिम, ही वर आली ती आपल्या पायांनी. अशीच राहिली तर खाली जाईल ती चौघांच्या खांद्यावरून. मला दिसतंय ते." सिंगलिम म्हणजे धाकटी बहीण. ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. मी त्यांच्या कोटाच्या सुटलेल्या बटणाबद्दल काहीतरी बोलले आणि घरात जाऊन रडले.

मग एका रविवारी ते पाखरांच्या बाजारात माशांचं खाद्य आणायला गेले आणि येताना वेड घेऊन आले. तिथे क्लारा किम नावाची कोरियन म्हातारी मासे विकायची. तिच्या फळीवर एक पेटी होती, आत नुसती हिरवळ. "आधी मला मासे दिसलेच नाहीत," आका सांगत होते. "मग पानं हलली आणि त्यातून एक गप्पी बाहेर आला. शेजारच्या अंगणातून पोर डोकावतं ना, तसा." बस्स, त्यांनी ठरवलं. सलामत बागेत जात नाही, तर बाग सलामतच्या उशाशी आणायची.

"आका, तुम्हाला कांदा आणि ट्युलिपचा कंद वेगळा ओळखता येतो का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पण क्लारा-ओपा म्हणाली, ज्याला धीर आहे त्याला येतं. आणि मी चाळीस वर्षं पोरांचे केस कापलेत. धीर माझ्याकडे आहे."

दुकानातली पेटी ओपाच्या गादीसमोर आली. मासे तात्पुरते कपडे धुवायच्या तसराळ्यात गेले. खडे काढले, किल्ला काढला. तळाला कालव्याची चिकणमाती, तीही परातीत धुऊन धुऊन, आणि वर नदीची जाड वाळू. नळाचं पाणी बादल्यांत भरून दिवसभर उघडं ठेवायचं, मग ताटलीवर हळूहळू सोडायचं, नाहीतर माती उसळते. पहिल्या खेपेला त्यांनी बादली भसकन ओतली. सगळी पेटी चहासारखी झाली, आणि सांडलेलं पाणी माझ्या शिवणयंत्रावर ठिबकायला लागलं. मी वर जाऊन जे बोलायचं ते बोलले. ओपा भिंतीकडे बघतच होती, पण तिचा खांदा जरा हलला. हसली असावी असं आकांचं म्हणणं. मला तसं काही वाटलं नाही.

झाडं लावली ती लांब चिमट्याने. मागे फितीसारखं लांब गवत, पुढे बुटकी, तपकिरी पानांची रोपं. वर नळीचा दिवा. मग मासे परत आत. पंधरवड्यात त्या बुटक्यांची पानं कुजून गळाली. आका घाबरले नाहीत. "तापानंतर केस जातात तसं आहे हे," मला म्हणाले. "क्लारा-ओपा म्हणाली, जागा बदलली की ही रुसतात. मूळ हलवायचं नाही, वाट बघायची." हे बोलताना ते पेटीकडे बघत नव्हते, गादीकडे बघत होते.

आणि नेमका तेव्हाच घोळ झाला. घोळ कसला, आमच्या हाडात मुरलेला रिवाज तो. जेवण झालं की दस्तरखानावरचा, म्हणजे जेवायला पसरलेल्या कापडावरचा, नानचा चुरा गोळा करायचा आणि कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी टाकायचा. भाकरीवर पाय पडला की पाप, लहानपणापासून हेच ऐकलेलं. जुन्या घरी ओपा तो जर्दाळूखाली चिमण्यांना घालायची. चौथ्या मजल्यावर काय करायचं? गॅलरीतून झटकला तर खाली येण्याजाण्याच्या वाटेवर पडणार. कठड्यावर ठेवला तर वारा तिथेच नेऊन टाकणार. काय करावं ते आकांना कळतच नसे, ते चुरा चिंधीत बांधून ठेवायचे. ओपाने एक दिवस ती चिंधी पाहिली, उठली, आणि सगळा चुरा माशांच्या पेटीत सोडला.

उठली! आका धावत खाली आले ते मला सांगायला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा उठली. मग रोज. तेवढ्यापुरती दोन पायांवर उभी राहायची, चुरा घालायची, परत निजायची. दिवसातून तीनदा नान, तीनदा चुरा. त्यात आमच्याकडे आलेल्याला चहा-नान दिल्याशिवाय सोडत नाहीत, तर शेजारणी भेटायला आल्या की त्याही चहाबरोबरच्या नानचा तुकडा माशांना घालायच्या. माशांचा पाहुणचार चालला होता. पाणी आधी दुधाळ झालं, मग हिरवं. पानांवर शेवाळाची लोकर चढली. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले आणि दोन मेले.

आका बाटलीत ते पाणी भरून क्लारा किमकडे गेले. तिने नुसता वास घेतला.

"खायला काय घालता?"

"चिमूटभर खाद्य. आणि नान."

"नान? अहो, मासे आहेत की मेंढरं? बंद करा. नाहीतर महिनाभरात झाडंही जातील आणि मासेही."

ते परत आले आणि माझ्या दारातच बसले. "सांगू कसं तिला? तेवढ्या एका गोष्टीसाठी उठते गं ती."

"तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते," मी म्हटलं. मला राग आला होता. तेवढ्या कष्टांवर पाणी पडताना मला बघवेना. तरातरा वर गेले. ओपा पेटीवर वाकली होती. नानचा तुकडा दोन बोटांत चुरत होती, अगदी बारीक, पिलांना भरवावा तसा, आणि पुटपुटत होती, "अरे हळू, लुच्च्या, त्या बारक्याला पण येऊ दे." तिचा आवाज मी किती दिवसांनी ऐकला होता. "काय गं मस्तुरा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, कात्री न्यायला आले," आणि मुकाट खाली आले.

तेव्हापासून आकांनी दुसरा उद्योग सुरू केला. ओपा चुरा घालून भिंतीकडे वळली की ते रबरी नळी घ्यायचे, एक टोक पेटीत, दुसरं तोंडात. ओढायचे, घोटभर हिरवं पाणी तोंडात आलं की थुंकायचे, आणि तळावरचा सगळा चुरा पाण्यासकट बादलीत ओढून घ्यायचे. मग तेवढंच शिळं पाणी पेटीत सोडायचे. ओपाने विचारलं तर म्हणायचे, "माशांचं पाणी बदलतोय." खोटं नव्हतं. पण बादलीतलं पाणी टाकायचं कुठे? त्यात नान होता, तो मोरीत कसा जाणार? म्हणून ते चार मजले उतरायचे आणि इमारतीच्या मागच्या भिंतीशी, जिथे कुणी चालत नाही तिथे ओतायचे. तिथे बांधकामातला चुना, विटांचे तुकडे, नुसतं भकास. सकाळ, दुपारची सुट्टी, संध्याकाळ. बाकावरचे म्हातारे चेष्टा करायचे, "काय वासिल, आज माशांना आंघोळ घातली का?" ते म्हणायचे, "घातली. आता दाढी राहिली."

त्या वसंतात पेटी स्वच्छ झाली. बुटक्या रोपांनी नवी पानं काढली. लांब गवत तर पाण्यावर आडवं पसरलं, आणि आका रविवारी बाही वर करून न्हाव्याच्या कात्रीने ते कापायला लागले, मागून बारीक, पुढून जरा लांब. मी बघायला जायची. खरं सांगते, तितकं सुंदर काही मी त्या इमारतीत दुसरं पाहिलं नाही. ओपाही कूस बदलून बघायची. पण बघून झालं की पुन्हा भिंत. खाली जायचं नाव नाही. आका खंगत चालले होते, कोट खांद्यावरून ओघळायला लागला होता. एकदा मला म्हणाले, "बाग उगवली, सिंगलिम. पण तिला ती चित्रासारखी वाटते. हात कुठे लावायला मिळतो तिला?"

मग ती दुपार. मी झग्याला काठ लावत होते आणि जिन्यात धडधड आवाज झाला, बादली घरंगळल्याचा आणि "हाय अल्ला" असा. दार उघडलं तर आका माझ्या दारापासून चार पायऱ्यांखाली बसलेले, पाय वाकडा, आणि पाणी पायऱ्यांवरून खाली धावतंय. मी हात द्यायला वाकले तोच वर दार वाजलं. सलामत-ओपा. अनवाणी, डोक्याचा रुमाल सुटलेला.

"काय झालं हो? कुठे लागलं?"

ती माझ्या अंगावरून उतरली, त्यांचा घोटा दाबून पाहिला. "मोडला नाही, मुरगळलाय," म्हणाली. आणि मग तिला पायरीवर ते दिसलं. भिजून फुगलेला नान.

"हे काय?"

आकांनी घरंगळलेल्या बादलीकडे हात लांबवला.

"माझा चुरा आहे हा. तुम्ही काढून टाकत होता?"

"मासे मरत होते गं," आका म्हणाले. "आणि तुला नको म्हणवेना."

मला वाटलं, आता ही परत वर जाणार, आणि मग कधीच उठणार नाही. आकांचाही चेहरा तसाच झाला होता. पण ओपा खाली बघत होती. पाण्याबरोबर चुरा पायरीपायरीने खाली गेला होता, आणि शाळा सुटायची वेळ होती, पोरं आता धाडधाड जिना चढणार. "पाय पडेल कुणाचातरी," ती म्हणाली. झग्याचा ओचा केला, वाकली, आणि वेचायला लागली. एक पायरी झाली की दुसरी. मी मदतीला गेले तर माझा हात झटकला. आका कठड्याच्या गजांतून तिला बघत होते. तिसऱ्या मजल्याचा जिना संपला, दुसऱ्याचा सुरू झाला. ती दिसेनाशी झाली, नुसतं बडबडणं ऐकू येत होतं, "कुठे कुठे गेलाय मेला." मग अगदी खालून आवाज आला.

"अहो! हे रोज ओतता कुठे?"

"मागे!" आका ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "मागच्या भिंतीशी!"

मी जिन्याच्या खिडकीशी गेले. ओपा उन्हात आली. डोळ्यांवर हात धरून क्षणभर थांबली, मग भिंतीच्या कडेकडेने गेली. आकांनी वर्षभर पाणी ओतलेला तेवढा पट्टा काळाभोर झाला होता, त्यावर गवत उगवलं होतं. तिने ओचा तिथे रिकामा केला. उठेल असं वाटलं, पण उठली नाही. दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत घातले, मूठभर काढली, नाकाशी नेली. मग फतकल मारून बसली आणि विटांचे तुकडे उपसून बाजूला टाकायला लागली.

मी आकांना सगळं सांगितलं. ते हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम, आणि घोटा टरारून सुजला होता.

"थांबा, मी तिला हाक मारते," मी म्हटलं. "तुम्हाला उचलून वर न्यायला नको का?"

त्यांनी माझी बाही धरली. "नको, सिंगलिम. तिला माझी आठवण करून देऊ नकोस. मला काही होत नाही, मी बसतो इथे."