मागणी नोंदवलेलं पुस्तक

विद्यापीठाच्या तिन्ही कॅम्पसची ग्रंथालयं एकाच सॉफ्टवेअरवर आली, तेव्हा धडगावच्या ग्रंथपालांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांचं खातं बंद करायचं काम नंदुरबारला माझ्याकडे आलं. सॉफ्टवेअर ऐकेना, कारण त्यांच्या नावावर एक पुस्तक बाकी होतं. मी त्यांच्या घरी फोन लावला. त्यांची बायको शांतपणे म्हणाली, “ते त्यांच्यासोबतच पुरलं. आमच्यात माणसाची आवडती वस्तू त्याला देतात.”

मी विषय सोडला. पण दर पंधरवड्याला त्या पुस्तकाची मुदत वाढायची, तीही त्यांच्याच खात्यावरून. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, आपोआप मुदत वाढायची सोयच नाही. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या वाचकानं मागणी नोंदवली की मुदत वाढत नाही, असा नियम आहे. मग मीच माझ्या नावानं मागणी टाकली. म्हटलं, वाढवा आता!

मुदत वाढली नाही. सोमवारी सकाळी स्क्रीनवर दिसलं: पुस्तक जमा, धडगाव.

दुपारी तिथल्या शिपायाचा फोन आला. “सर, तुम्ही मागितलेलं पुस्तक टेबलावर होतं. जीपवाल्याकडे देतो. खूप झटकलं मी, पण माती काही निघत नाही.”