काचेला गाठ

"दिवा लागला का?"

भेटल्यावर नमस्काराऐवजी साऱ्या गावाच्या मामांचा हाच प्रश्न. मान तिरकी, एक डोळा बारीक. जणू मी माणूस नसून खांबावरचा डबा. जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनमन. डहाणूच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या डोंगरापर्यंत खांब चढलेले. "माझ्या हातनं कधी फॉल्ट नाय झाला," एवढाच काय तो गर्व. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. निवृत्त होतो, पण खांबावरून उतरत नाही.

आमच्या गावाचे दोन पाडे. खालचा रस्त्याला लागून, वरचा टेकाडाच्या कुशीत. रेशनचं दुकान वरच्या पाड्यात, आणि तिथे रेंज नाही. म्हणून दुकानदार अंगठ्याचं मशीन घेऊन टेकाडावर चढणार नि त्याच्यामागे सारं गाव. मामांची बहीण गुडघ्यांनी अधू. दर महिन्याला बसत, सरकत वर जायची. तांदूळ खाली आणि अंगठा वर! ज्याने ही व्यवस्था लावली त्याला एकदा तरी त्या चढणीवर बसत-सरकत न्यायला हवं.

अशात एक कंपनी आली. घरोघरी फायबरचं इंटरनेट, तीन महिने चाचणी, फुकट. अट एकच: रस्त्यालगतची पंधरा घरं हवीत, आणि मुख्य खांब मामांच्या अंगणात. चौदा सह्या मी शाळा सुटल्यावर फिरून गोळा केल्या. गुरुजी सांगतात म्हणून लोक सही करतात. ही चूक ते अजून करतात. उरले मामा.

"पहिली वायर रेशनच्या दुकानाला," ते म्हणाले.

कंपनीचा माणूस अच्छाडच्या धाब्यावर जेवून आला होता. दात कोरत हसला. "काका, दुकान म्हणजे घर नाही. चाचणी घरांची आहे."

"मग माझ्या नावाचा डबा तिकडं लावा."

"फॉर्ममध्ये बसत नाही."

मामा ताडकन उठले. "नवा भात आला तर देवाला दाखवून सगळा गाव एका दिवशी खातो. आधी कोणी तोंडात घालत नाय. नि तुम्ही रस्त्यावरच्यांना वाढणार, वरच्यांनी बघत बसायचं? जिथं अडलंय तिथं चाचणी नाय, जिथं मोबाइल चालतो तिथं दिवे!"

मला ते सगळं पटलं. आणि पटलं की माझी अक्कल चालायला लागते. त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "मामा, सही करून टाका. एकदा वायर आली की दुकानापर्यंत आपणच ओढू. मी जबाबदार."

"ती काच हाय, गुरुजी. तांब्याला गाठ बसते, काचेला नाय."

"मामा, मी विज्ञान शिकवतो."

त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "तुमच्या शब्दावर," म्हणाले आणि सही केली.

घरोघरी डब्यांवरचे दिवे लागले. खालच्या पाड्यात सिनेमे सुरू, वर तीच चढण. बहिणीला टेकाडावर पोचवून आले की मामा एवढंच विचारत, "कधी ओढायची?"

एका रविवारी ते डहाणू रोडला गेलेले पाहून मी त्यांच्या अंगणातल्या खांबावरचं वायरीचं वेटोळं सोडलं, चिंचेच्या फांदीवरून दुकानाच्या दिशेने ताणलं आणि म्हशीला बांधतात तशी घट्ट गाठ मारली. आत बारीकसं काही मोडलं. पंधराच्या पंधरा घरांची लाइन त्याच वेटोळ्यातून जात होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. सांधायला अर्धा तास पुरतो, हे मामांनी त्याला तोंडावर सांगितलं. पण त्याला निमित्तच हवं होतं. "छेडछाड झाली, चाचणी बंद. कोणी केलं हे?"

सारा पाडा जमला होता. मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. रोज पाच तास बोलणारा माणूस मी!

"मी," मामा म्हणाले. "माझ्या हातनं झालं."

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेलो. "असं का बोललात?"

"तुमच्या शब्दावर पोरं शाळेत येतात. माझ्या शब्दावर आता कुठली लाइन चालायचीये?" एवढं बोलून ते पहार घेऊन निघाले.

त्या हिवाळ्यात त्यांनी टेकाडाला पायऱ्या खणल्या. एकेक, बहिणीच्या गुडघ्याच्या मापाच्या. माघात गेले. कंपनीचा रिकामा खांब अजून त्यांच्या अंगणात उभा आहे. तो न्यायला मात्र कोणी येत नाही.

परवा रेशनच्या दिवशी मी वर होतो. मामांची बहीण पायऱ्या चढून आली, मशीनवर अंगठा टेकवला. मागून कोणीतरी म्हणालं, "मामांनी लाइन तोडली खरी, पण पायऱ्या दिल्या."

माझ्याच्याने राहवलं नाही. सगळ्यांसमोर ओरडलो, "लाइन मी तोडली! मामांनी नाही, मी!"

मग दुकानदाराने मशीन खाली ठेवून मला हात जोडले.

"गेलेल्या माणसाची चूक अंगावर घेता, गुरुजी. केवढं मोठं मन!"