चाचांची कपडमाती

त्या दिवशी मुशीचं झाकण मी उघडलं होतं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं लिहायला हात धजावेल.

मेहकरच्या ज्या कॉलेजात मी शिकवत होतो, तिथे चाचा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. कुणी घाई केली की तळहात जमिनीकडे दाबून म्हणत, "थंडं होऊ द्या. घाई आगीले असते, आपल्याले काऊन?" तुम्ही असता तर तुम्हालाही त्यांनी हेच ऐकवलं असतं.

पीएच.डी.च्या कामात मी लिथियम बॅटरीच्या ऋण टोकासाठी पदार्थ बनवत होतो : लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्याभोवती कार्बन. कार्बन चाचांच्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा. बीटी पेरूनही त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. काड्यांचा भारा सायकलवरून उतरवत ते म्हणाले, "कापूस अळीचा, काड्या तुमच्या. घ्या."

भट्टीत हवा लागली की कोळशाची राख होते. हवा अडवणाऱ्या वायूचं सिलिंडर आमच्याकडे नव्हतं. म्हणून चाचा मुशीच्या, म्हणजे भट्टीत ठेवायच्या भांड्याच्या, झाकणाभोवती कपडमाती लिंपत : कुंभाराकडची चाळलेली माती, तीत पिंजलेला कापूस. मी एकदा त्यांना समजावलं, की बॅटरी भरताना ऑक्साइड फुगून तडकतं आणि कार्बन त्याला धरून ठेवतो. ते हसले.

"मंग हे माह्यासारखंच झालं ना! कापूस कालवला का माती तडकत नाई."

मार्गदर्शक दुसऱ्या दिवशी भुकटी पाहायला यायचे होते. मला धीर निघाला नाही. लालबुंद मूस चिमट्यानं धरून मी उघडली. काळी भुकटी पेटली, तांबूस राख उरली. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा तोंडून निघून गेलं, "चाचांची माती तडकली."

चाचा तिथेच उभे होते. "माही माती तडकत नाई, सर." एवढंच बोलले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना सायकल स्टँडवर बसवलं.

सोमवारी सकाळी पाहतो तर मी भरून ठेवलेली मूस लिंपलेली. गुरुवारी पुन्हा. ओल्या मातीवर काडीनं कोरलेलं : उद्या. म्हणजे उद्याच उघडा. मी स्टँडवर गेलो.

"चाचा, कशाला करता?"

"पऱ्हाटी माह्या वावरातली हाय. वाया काऊन जाऊ देऊ?" मग रांगेकडे पाहून म्हणाले, "अन् सायकली काई लिंपाव्या लागत नाईत."

महिनोन् महिने ते आले. शेवटी बॅटरी टिकली. प्रबंधाच्या आभारांत मी त्यांचं नाव छापलं. ते सोपं होतं.

त्यांच्या निरोप समारंभाला सगळा स्टाफ जमला होता. शाल झाली, नारळ झाला. मी बोलायला उभा राहिलो आणि तसाच उभा राहिलो. चाचा हळूच म्हणाले, "बोला ना सर, चहा थंडा होऊन राह्यला." त्यांना घाई झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मी प्राचार्यांकडे वळलो. "त्या दिवशी माती तडकली नव्हती. गरम मूस मी उघडली आणि खोटं बोललो." मग चाचांकडे पाहिलं. "चाचा, मला माफ करा."