मातीचा निरोप

आमच्या अर्जुनीत माणसाच्या हातून एखादं काम एकदा नीट झालं, की ते मरेपर्यंत त्याच्या गळ्यात पडतं. कोणाच्या लग्नात कोणी भात चांगला शिजवला, की झाला तो जन्माचा आचारी. शहरात म्हणे माणसाला काल एक आणि आज दुसरं होता येतं. इथे ती सोय नाही. छोट्या गाडीचं ठेसन, तांदळाची गिरणी, आठवड्याचा बाजार आणि शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते घरबसल्या ओळखणारी नाकं, एवढंच आमचं गाव. छप्पन साली आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, असं माझ्या किराणा दुकानावर बसणाऱ्या मास्तरांनी सांगितलं. गावाला त्याचं काही वाटलं नाही. गाव जिथल्या तिथे होतं.

बकारामचं चुकलं ते इतकंच, की त्याने सायकल घेतली.

तो माझ्याच गल्लीतला. थोडी धानाची शेती, बायको रुख्मा आणि एक पोरगी, शामकला. मोठा हसरा माणूस. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीच्या नाचाला झांज वाजवायला याच्यासारखा दुसरा नव्हता. स्वातंत्र्यानंतर एकदोन वर्षांत त्याने गोंदियाहून जुनी सायकल आणली आणि तिला नवी घंटी बसवली. रुख्माला मागे बसवून गावोगावच्या मंडया दाखवायच्या, ही त्याची हौस. रुख्मा लाजून बसायला तयार नव्हती, तेव्हा तो सायकलच गल्लीतून नुसती हातात धरून फिरवायचा आणि पोरांसारखी घंटी वाजवायचा.

मग एका सकाळी गल्लीतला एक म्हातारा गेला. त्याच्या लेकी नवेगाव बांध या गावी दिलेल्या. निरोप न्यायला माणूस पायी जायचा, तोवर इकडे प्रेत ताटकळायचं. गल्लीतले वडीलधारे भैयाजी म्हणाले, "बकाराम, तुह्याजवळ सायकल हाये. जा बाप्पा, सांगून ये." बकाराम गेला. लेकी वेळेवर पोचल्या. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, आणि तिथेच त्याचा घात झाला.

आमच्याकडे प्रेतयात्रेला माती म्हणतात. मातीचा निरोप नेणाऱ्याने अंगणाबाहेरूनच हाक द्यायची, अमक्याची माती हाये एवढं सांगायचं आणि पाठ फिरवायची. बसायचं नाही. त्या घरचं पाणी तर प्यायचंच नाही, नाहीतर पाण्यामागून मरण घरात शिरतं असा समज. वैशाखाच्या उन्हातही बकाराम कोरड्या तोंडाने परत यायचा आणि वाटेतल्या नाल्यावर तहान भागवायचा. सगळ्या टापूत लोक त्याच्या सायकलीला ओळखू लागले. ती दुरून दिसली, की बाया दारात येऊन काळीज हातात धरून उभ्या राहायच्या, आणि ती पुढे निघून गेली की सुटकेचा श्वास टाकायच्या.

मी त्याला कितीदा म्हटलं, "अरे, विकून टाक ते भंगार."

तो म्हणायचा, "अन् उद्या कोणाची माती झाली तं कोण जाईन?"

मला त्याचा राग यायचा. गावाने ओझं टाकलं आणि हा गडी ते मानाचं समजून उचलत होता.

शामकलेचं लग्न केशोरी गावच्या शालीकरामच्या पोराशी झालं. पाठवणीच्या वेळी पोरगी रडत म्हणाली, "बाबा, तू भेटाले आला तं मले कसं समजन, तू आला का निरोप आला?" बकाराम म्हणाला, "तू पानी घेऊन ये. म्या पेलो, तं समज तुहा बापच आला." तेव्हापासून केशोरीच्या वाटेला सायकल दिसली, की शामकला हातातलं काम टाकून पाण्याचा गडवा घेऊन धावत यायची. तो उभ्याउभ्याच सगळा गडवा रिकामा करायचा. मग शेजारपाजारच्या बाया हसत आपापल्या घरात जायच्या. त्या पाण्यासारखं गोड पाणी कुठेच नाही, असं तो माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून सांगायचा.

पण नवेगाव बांधला घात झाला. तो तलावावर मासे घ्यायला गेला होता. रुख्माला बोद माशाचा रस्सा आवडायचा, म्हणून गेला होता, दुसरं काही नाही. तिथे सुमित्रा नावाची बाई होती. तिच्या बापाच्या मातीचा निरोप यानेच कधीतरी आणलेला. तिचा नवरा जंगलात लाकूडकटाईला गेलेला होता. सायकल आपल्याच घराकडे वळतेय असं तिला वाटलं, आणि याने तोंड उघडायच्या आत तिने दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि जमिनीवर अंग टाकलं. बकाराम ओरडत राहिला, "बाई, म्या मासे घ्याले आलो! मासे घ्याले!" तिला काही ऐकू गेलं नाही. संध्याकाळी नवरा धडधाकट घरी आला आणि बायकोचे भुंडे हात पाहून याच्या नावाने शिव्या देत सुटला.

ही गोष्ट केशोरीला पोचायला कितीसा वेळ लागतो! शामकलेला तेव्हा दिवस गेले होते. शालीकरामने रुख्माजवळ निरोप दिला, "व्याह्यांले म्हणा, घरात पोटुशी बाई हाये. काही दिवस त्यायचं पाऊल नोको." काही दिवसांची वर्षं झाली. नात झाली, रांगली, चालू लागली. रुख्मा बैलगाडीने जाऊन यायची आणि हा तिला विचारायचा, "कोनासारखी दिसते?" रुख्मा म्हणायची, "नाक तुमचंच हाये." मग हा दिवसभर नाकाला हात लावत बसायचा. त्याला हसावं की रडावं ते मला कळायचं नाही.

पुढे चैतात रुख्माला ताप भरला. तिने शामकलेला बोलवा म्हटलं. पण बोलवायला जाणार कोण? निरोप न्यायचं काम गावाने त्याच्याच गळ्यात घातलेलं. बकाराम सायकल घेऊन गेला असता, तर केशोरीत तिच्या मरणाआधीच रडारड झाली असती. तो म्हणाला, "बरी हो, मंग तूच जा पोरीकडे." ती बरी झाली नाही. एका सकाळी गेली.

गल्ली जमली. लाकडं आली, बांबू आले. ऊन भाजून काढत होतं. भैयाजी म्हणाले, दिवस बुडायच्या आत उरकलं पाहिजे, पोरीला सांगायला हवं. मग सगळे एकेक करून भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे पाहू लागले. मी म्हटलं, "लाज वाटू द्या, त्याची बायको पडली आहे तिथे." कोणीतरी म्हणालं, "रस्ता त्यालेच माहीत हाये." जणू केशोरीचा रस्ता विलायतेला जातो! मला सायकल चालवता येत नव्हती. ज्यांना येत होती त्यांना अंगाला अवदसा लागायची भीती होती. बकाराम रुख्माच्या उशाशी बसला होता. तो उठला, डोक्याला दुपट्टा बांधला आणि निघाला.

पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं.

केशोरीत शिरताच दारं लागू लागली. शालीकराम ओसरीवर ताठ उभा होता. अंगणातून शामकला आली, दोन्ही हातांत गडवा धरून. तिच्या पदराला धरून नात होती, तिचं नाक अगदी याचंच.  गडव्यातलं पाणी काठावरून सांडत होतं. "बाबा, पानी," एवढंच शामकला म्हणाली.

बकारामने गडवा घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"म्या कायले पेलो, मले नाई माहीत," तो मला म्हणाला. "तिच्या तोंडाकडे पाहून पेलो."

शामकला हसली, आणि हसता हसता रडू लागली. शालीकरामचंही अंग सैल झालं. "या व्याही, बसा. लय दिवस झाले," तो म्हणाला आणि स्वतः खाट टाकली. आता सांगू, मग सांगू, असं याचं चाललं. नात मांडीवर येऊन बसली. शामकला आतून विचारत होती, "माय कशी हाये?" हा म्हणाला, "बरी हाये." ताट वाढलं गेलं. नातीला सायकलीची घंटी आवडली. ती वाजवत राहिली, आणि त्या घंटीला गावात पहिल्यांदाच कोणी दचकलं नाही. इतक्या वर्षांत त्याला कोणी पाहुणा म्हणून बसवलं नव्हतं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. इकडे अर्जुनीत आम्ही रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो.

निघताना शामकलेने मोहफुलांच्या लाडवांची पुरचुंडी त्याच्या हातात दिली. "मायले दे. तिले आवडते."

तो पुरचुंडीकडे पाहत राहिला. "शामे, हे कोनाले देऊ म्या?" तो म्हणाला आणि अंगणात मटकन बसला.

गाडी जुंपली, बैल पळवले. पण बैल ते बैल, आणि रस्ता जंगलातला. ते पोचले तेव्हा अंधार पडला होता. भैयाजींनी दिवस बुडेपर्यंत थांबवलं होतं, त्यापुढे लोक थांबले नाहीत. शामकलेला आईचं तोंड दिसलं नाही, नदीकाठी नुसता जाळ दिसला. ती आईच्या नावाने रडली नाही. ती बापाकडे वळली आणि आम्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, तू पानी कायले पेला?"

 दशक्रिया होताच ती गेली, ती परत माहेरी आली नाही.

वाटलं होतं, आता तरी गाव त्याला सोडेल. पावसाळ्याच्या तोंडाशी गिरणीजवळचा एक माणूस गेला. त्याची बहीण केशोरीला. सकाळीच लोक बकारामच्या दारात उभे राहिले. मी ओरडलो, भांडलो, माझं कोणी ऐकलं नाही. भैयाजी म्हणाले, "बकाराम, सायकल काढ बाप्पा." आणि त्या माणसाने सायकल काढली.

परत आला तो माझ्या ओट्यावर बसला. ओठ कोरडे पडले होते. मी विचारलं, "शामकला दिसली?"

"दिसली. अंगणातच उभी होती."

"काही बोलली?"

"नाई." तो आपल्या तळहातांकडे पाहत म्हणाला, "गडवा नोता तिच्या हातात."

मी आत जाऊन पाणी आणलं. त्याने ते घेतलं नाही.