तारबाबूंची स्पॅनिश वही

आमच्या शेजारचे तारबाबू परदेशी हेर आहेत, याबद्दल नागपूरच्या अख्ख्या महाल वस्तीत फक्त दोघांना शंका होती : एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची मुलगी. बाकी आम्ही ठाम. तारखात्यातून निवृत्त झालेला विधुर माणूस रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारत काहीतरी पुटपुटतो, जिन्यावर पाऊल वाजलं की वही सदऱ्यात कोंबतो, आणि विचारलं तर म्हणतो, "स्पॅनिश शिकून राहिलो." नागपुरात स्पॅनिश बोलणार कोणाशी? संत्र्यांशी? त्यात दिवस युद्धाचे. मी सलग तीन दिवस पाण्याच्या टाकीमागे बसून पाळत ठेवली. चौथ्या दिवशी ते मागे न बघताच म्हणाले, "काहून गा, तिथं ओल आहे. सर्दी होईन न तुले!"

मग मला बसवून त्यांनी खुलासा केला. "त्या भाषेत नुसती बातमी सांगाची तं क्रियापद साधं. पण त्या बातमीची भीती वाटली, आनंद झाला, की त्याचं रूपच बदलते. आमच्या तारेत बाप मेला अन् पोरगं झालं, दोन्ही एकाच सुरात जाये. तीस वर्षं तेच ठोकलं मी." उत्तर इतकं चोख, की माझा संशय दुप्पट झाला.

तो मी चार ठिकाणी बोललो, आणि तो थेट कुही गावाला पोचला. तिथल्या धान पिकवणाऱ्या घरी तारबाबूंच्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. सुपारी फोडायच्या दिवशी मुलाचे वडील सुपारी मुठीत धरून अडून बसले. "आधी ते वही वाचा. एकेक ओळ, अर्थासकट. नाही तं आम्ही चाललो."

मुलगी दारात गोठून उभी. तारबाबूंनी चष्मा तीनदा पुसला. "धड्यात वीस वाक्यं लिहाची होती, मन हलल्याची," ते म्हणाले आणि वाचू लागले. "मला राग येतो की तू माझा चष्मा लपवतेस. मला नवल वाटतं की तू खिचडीसुद्धा करपवतेस. मला बरं वाटतं की तू आईसारखी हसतेस." वीसच्या वीस तिलाच लिहिलेली! शेवटच्यावर अडखळले. "तेमो के ते वायास."

"म्हणजे?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"मला भीती वाटते की तू जाशील."

मी जमिनीकडे बघत होतो. मुलाच्या वडिलांनी शेला डोळ्यांना लावला आणि सुपारी पाटावर ठेवली. "फोडा," ते म्हणाले. "अन् पोरीले दर महिन्याले माहेरी पाठवू, हे लिहून घ्या त्याच्यात."

लग्नानंतर गच्ची शांत झाली. एकदा मीच विचारलं, "तारबाबू, पुढचा धडा?"

"पुढच्या धड्यात हुकूम कसा कराचा ते आहे गा," ते म्हणाले. "हे आण, ते ठेव, लवकर ये. आता कोणाले म्हणू?"