मधल्या खुर्चीतले आजो

मालवणात बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घर एकच, आमचं. वडिलांचा दवाखाना शनिवारी बंद आणि रविवारी चालू, म्हणून गावाने त्यांना ‘शनवारचो डॉक्टर’ करून टाकलं होतं. एकोणीसशे साठच्या आसपास माझे काका, आत्या एकेक करून इस्राएलला गेले. उद्या आपणही जाऊ, मग आपण इथे राहत होतो हे कोणाला कळणार, हा एकच घोर वडिलांना लागला. त्यामुळे समाजातल्या काही मंडळींनी मुंबईच्या दफ्तरखान्यात जपून ठेवायला घराघरांतले फोटो मागवले, तेव्हा वडिलांना अस्मान ठेंगणं झालं.

फोटो मलिद्याचा काढायचा ठरला. काही चांगलं घडलं की आमच्यात एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. पोह्यांत साखर, ओलं खोबरं, वेलची आणि वर फळं. बहीण नुकतीच मॅट्रिक पास झाली होती, निमित्त तयारच होतं. प्रार्थनेला डोकं झाकायला हवं, म्हणून आईने आठवडाभर खपून शेजाऱ्यांसाठी टोप्या शिवल्या. बाजारातला फोटोवाला जन्मभर लग्नाचे फोटो काढत आलेला. त्याने शिरस्त्याप्रमाणे सगळ्यांत वयस्कर माणसाला मधल्या खुर्चीत बसवलं. ते निघाले शेजारचे आजो, म्हणजे गलबतावरचे जुने तांडेल. वडील ताट सांभाळत कोपऱ्यात. माझे तर डोळेच मिटलेले, त्याचा मला अजून राग आहे.

महिन्याभरात मुंबईहून उत्तर आलं. फोटो त्यांना फार आवडला होता आणि त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘मालवणचा बेने इस्राएल समाज. मध्यभागी समाजाचे वडीलधारे.’ आई हसून हसून खाली बसली. आजोंनी तर बंदरावरच्या मासेवाल्या बायकांनाही बातमी ऐकवली. हसले नाहीत ते फक्त वडील.

“नोंद खोटी राहिली तर ती राहण्याला अर्थ काय?” असं म्हणून ते बोटीने मुंबईला निघाले. पोचवायला आजो धक्क्यावर आले होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

“डॉक्टरानू, माका काढतले काय त्यातसून?”

वडील तसेच बोटीत चढले. मला त्यांचा इतका राग आला की मी हातही हलवला नाही.

दफ्तरखान्यातल्या साहेबांनी चूक लगेच कबूल केली आणि सोपा उपाय सुचवला. शेजारी कापून टाकू, कुटुंबापुरता फोटो ठेवू. हे सांगताना वडील पुढे कितीतरी वर्षं तापायचे. “मी म्हटलं, साहेब, मग उरेल काय? चार माणसं आणि एक ताट. ते कुठल्याही गावात मिळेल. त्यात मालवण कुठे राहिलं?” शेवटी अख्खा फोटो राहिला आणि त्याखालचा मजकूर वडिलांनी तिथेच बसून नव्याने लिहिला.

वडील परतले त्या दिवशी आजो आमच्याआधीच धक्क्यावर हजर. विचारायचा धीर होईना, म्हणून त्यांनी वडिलांची बॅगच उचलली.

“काढूक नाय,” वडील आपल्या मोडक्यातोडक्या मालवणीत म्हणाले.

“मगे माझ्याखाली काय लिवलास?”

“आमचो आजो.”

आजोंनी बॅग तिथेच टाकली आणि ते भेटेल त्याला सांगत सुटले. ती मग मीच घरी आणली, हसत आणि रडत.