पाच बोटं

भूतबित मी मानत नाही. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.कॉम., मग नोकरी सांभाळून चायनीज भाषेचा कोर्स. कुणी अंगारा पुढे केला तर तोंडावर नको म्हणते. तरीही हे लिहितेय.

घाटकोपर पश्चिम, चाळीतली आमची खोली, मे महिन्यातला रविवार, दुपारचे चार. बुधवारी तोंडी परीक्षा. आई खिडकीपाशी तांदूळ निवडत होती आणि मी रात्रीचं वर्णन करणारे चिनी वाक्प्रचार मोठ्याने पाठ करत होते. आधी चिनी, मग मराठी अर्थ. ‘रात्र खोल, माणसं शांत.’ ‘चंद्र काळा, वारा जोराचा.’

आई म्हणाली, “गो, रातीक दिवसाढवळ्या अशी हाक मारू नको.”

तिच्या गावी दिवे लागले की सापाला कुणी साप म्हणत नाही, जनावर म्हणतात... त्यातलंच हे.

“आई, चायनीज आहे ते. घाटकोपरच्या रात्रीला काय कळतंय!”

“तुका कळता ना? मग झाला.”

मी हसून पुढचा घेतला – ‘हात पुढे केला तर पाच बोटं दिसत नाहीत.’ म्हणजे मिट्ट काळोख.

“लाईट गेली काय गो?”

पंखा फिरत होता. सुपात ऊन पडलं होतं. क्षणभराने ती म्हणाली, “इली,” आणि परत खडे काढू लागली.

मला वाटलं, नाटक करतेय. तिला खोटं पाडायला – हो, त्यासाठीच – मी तोच वाक्प्रचार पुन्हा म्हटला. फक्त चिनीत.

सूप उलटलं. आई डोळे उघडे ठेवून स्वतःचा हात तोंडासमोर फिरवत होती. “माझो हात माका दिसना नाय...”

रिक्षात ती माझं मनगट सोडेना. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लागायच्या आत अचानक म्हणाली, “तुझी ओढणी उलटी हा.” दिसायला लागलं होतं. शुगर, बीपी, डोळे – सगळे रिपोर्ट नॉर्मल.

बुधवारी मॅडमनी नेमका तोच वाक्प्रचार विचारला. अगदी जिभेवर होता. पण घरी आई एकटी, स्टोव्हपाशी...

“येत नाही,” मी म्हटलं. येत असलेल्या उत्तराला असं मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. डिस्टिंक्शन हुकलं.

का झालं, कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. निकालाच्या दिवशी आईने मार्कशीट उजेडात धरून एकेक आकडा बोट ठेवून वाचला.

“ह्यात कमी कसे पडले गो?”

“विसरले,” मी म्हटलं, आणि तिच्या बोटाकडे बघत राहिले.